सळईवाले भाऊ आणि आमच्या वाडीचा नळ

त्या सकाळी पाइपापाशी कोण कोण होतं ते आधी सांगते, कारण त्यातली आता मी एकटीच उरलीय. माझी सासू होती. मोठी जाऊ भागी होती. वाडीच्या टोकाला राहणारी ठाकरांची हिरी होती, डोक्यावर रिकामा हंडा तसाच ठेवून. पाण्याच्या ऑफिसचे साहेब होते, जीपमधनं उतरलेले, पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली. मी होते. आणि सळईवाले भाऊ होते. पाइपातनं पाणी आंब्याच्या शेंड्याएवढं वर उडत होतं.

भाऊंना नाव होतं, पण वाडीत ते कोणी घेत नसे. धरण बांधून झालं होतं. तिथलं पाणी अंबरनाथच्या कारखान्यांना न्यायला मोठा पाइप टाकला होता, आणि तो बदलापूरजवळ आमच्या भाताच्या खाचरातनं गेला होता. भाऊंचं काम, तो पाइप रोज चालत तपासायचा. हातात लोखंडी सळई असायची. तिचं एक टोक पाइपावर टेकवायचे आणि दुसरं दातात धरायचे, डोळे मिटून. जमिनीखाली कुठं गळत असलं तर ते त्यांना दातात कळायचं. "हितं खणा," म्हणायचे, आणि खणलं की गळती तिथंच. ते चुकलेले मी एकदाच पाहिले, आणि तेव्हा त्यांची दाढ दुखत होती.

पहिल्या दिवशी माझ्या सासूनं त्यांना तसं उभं पाहिलं आणि बांधावरनं हाक मारली, "काय रे बाबा, दात घासायला दुसरं काय मिळालं नाय?"

"पाइपाचं ऐकतोय, मावशे."

"मग माझं पण एक विचार त्याला. आमच्या खाचरातनं जातोस, तर वाईच थांबत का नायस?"

भाऊंनी सळई काढली आणि हसले.

ते साताऱ्याच्या पलीकडचे, दुष्काळी मुलखातले. आमच्याकडं पावसाळ्यात पाणी इतकं की घरात शिरतं, आणि होळी झाली की ओढा कोरडा. मग वाळूत हातभर खड्डा खणायचा, पाणी साठायची वाट बघायची आणि वाटीनं हंडा भरायचा. पाणी प्यायला दिलं की भाऊ आधी विचारायचे, "कुठनं आणलं?" ओढ्यातनं म्हटलं की अर्धा तांब्या पिऊन अर्धा परत द्यायचे. एकदा मी म्हटलं, "भाऊ, घ्या की पुरतं." तर म्हणाले, "वहिनी, माझ्या आईची मान पाणी वाहून वाकडी झाली हुती. हे किती लांबचं हाय ते मला ठावं हाय."

दुपारी आंब्याखाली भाकरी खाल्ली की सळईनं मातीत रेघा ओढायचे. आम्ही गवताचे भारे टेकवून बसायचो. हे धरण. हे पाणी गाळायचं ठिकाण. हे अंबरनाथ. इथं औषधं होणार, इथं कापड, इथं यंत्रं. गोऱ्यांच्या काळात सुईसुद्धा बोटीनं यायची, म्हणायचे, आता आपली सुई आपण करायची. "नवा संसार हाय, मावशे. संसारात पहिली चूल मांडत्यात. कारखाना म्हंजी चूल. एकदा ती पेटली की मग माणसाला काम, गावाला रस्ता, लाईट, नळ. समदं रांगेनं येणार."

सासू तंबाखू मळत होती. "रांग असू दे. रांगेत आम्ही कुठं उभं राहायचं तेवढं दाखव."

भाऊ रेघांवर वाकले. आमची वाडी शोधत होते. धरण आणि अंबरनाथ यांच्यामधे एक सरळ रेघ होती, बाकी काही नव्हतं. बराच वेळ बघून म्हणाले, "ऱ्हायलीच की ओ." मग त्या रेघेला चिकटून त्यांनी एक लहानसा गोल काढला. आठवड्यानं कागद घेऊन आले. वाडीला नळ मिळावा म्हणून अर्ज लिहिला होता. सासूचा अंगठा घेतला, हिरीचा घेतला. मी दुसरी शिकलेली, मी सही केली. असे तीन अर्ज गेले. एकाचंही उत्तर आलं नाही. भाऊ दर वेळी म्हणायचे, "पोचला असंल. वाचत असतील."

खोटं का बोलू, पाइपानं आम्हाला दिलंही. भाऊंनीच आमच्या ह्यांना सांगितलं, अंबरनाथला माणसं घेतायत, जा. हे गेले आणि लागले. घरात पहिल्यांदा घड्याळ आलं, भोंग्याची वेळ गाठायला. शेजारची दोन घरं लागली. ह्यांच्या अंगाला संध्याकाळी तेलाचा वास यायचा आणि सासू तो वास पाहुण्यांना कौतुकानं सांगायची. फक्त ज्या पाण्यावर तो कारखाना चालायचा, ते आमच्या उशाखालनं जायचं आणि आम्ही वाळू उकरायचो.

आमच्या खाचराच्या कडेला पाइपावर एक लोखंडी बोंडलं होतं. आम्ही त्याला व्हॉल म्हणायचो. पाइपातली हवा बाहेर जायला ते असतं. आत एक गोळा असतो, पाणी आलं की तो वर येऊन भोक बंद करतो. भागी मोठी हिकमती. तिनं त्याचं टोपण काढून गोळ्याच्या कडेला बांबूची काडी सारली आणि करंगळीएवढी धार लागली. त्या धारेवर अख्खी वाडी उन्हाळा काढू लागली.

भाऊ रोज यायचे, काडी काढायचे आणि ओरडायचे. "हे पाणी मोजून जातंय! एका कारखान्याची टाकी अर्धी ऱ्हायली तर तिथली माणसं घरी बसत्यात!" भागी पदर तोंडाला लावून ऐकायची. दुसऱ्या दिवशी नवी काडी. पण एक गंमत होती. भाऊ यायच्या आधी लांबनं सळई पाइपावर आपटत यायचे. टण, टण, टण. तो आवाज जांभूळ गावाच्या बाजूनं सुरू झाला की आमच्यापर्यंत यायला अर्धा तास. तेवढ्यात सगळ्यांचे हंडे भरून व्हायचे.

सासूनं एकदा विचारलंच. "आधीपासनं वाजवत कशाला येतोस रे?"

"गवतात सापं असत्यात, मावशे."

"लोखंडावर वाजवून साप पळतो?"

"आमच्याकडचं पळत्यात."

"आणि आमच्याकडचे?"

"त्यांचं बी हंडं भरून हुत्यात तवर." असं म्हणून स्वतःच जीभ चावली.

त्या वर्षी मी पहिलटकरीण होते. सातव्या महिन्यात आईनं येऊन ओटी भरली, हिरव्या खणाची. आठव्यात पाइपाचं काम निघालं आणि धार बंद झाली. ओढ्यातनं पाणी आणताना चढावर माझा पाय सरकला. हंड्यासकट पडले. मूल राहिलं नाही. मुलगा होता. पंधरा दिवसांनी पुन्हा हंडा उचलला, कारण घरात पाणी लागतंच.

ह्यावर रडून काही होत नव्हतं. पण मला वाटलं, ज्याच्यामुळं पाणी येतं आणि थांबतं, त्याची आपण कधी ओटी भरली नाही. विहिरीची भरतात, नदीची भरतात. मग मंगळवारी मी तोच खण घेतला, मूठभर तांदूळ, हळदकुंकू, नारळ, आणि व्हॉलवर ओटी ठेवली. भागी आणि हिरी बरोबर होत्या. हिरीनं हात जोडले आणि म्हणाली, "बाय, आमाला पण बघ गो जरा." संध्याकाळी भागीनं नारळ फोडून प्रसाद वाटला. खण तसाच ठेवला. दिलेली ओटी कोणी परत घेत नाही.

चूक तिथं झाली. टोपण आम्ही काढूनच ठेवलेलं, वर नारळाचं वजन राहिलं नाही. आणि त्याच रात्री दुरुस्तीसाठी पाइप रिकामा केला. पाइप रिकामा होताना तो व्हॉल बाहेरची हवा आत ओढतो. आम्हाला काय माहीत? खण आत ओढला गेला आणि गोळ्याभोवती गुंडाळला. सकाळी पाणी सोडलं, गोळा बसेना, आणि सगळं पाणी वर उडालं.

भाऊंनी माणसं धाडून मागनं पाणी बंद करवलं. कारंजं हळूहळू खाली बसलं. आमच्या खाचरात गुडघाभर चिखल, उन्हाळ्याच्या दिवसात. साहेब लाल झाले होते. "कोणी केलं हे? अंबरनाथला पाणी नाही, कारखाने थांबलेत. पोलीस बोलावतो."

भाऊंनी पान्ह्यानं व्हॉल उघडला, हात घातला आणि खण बाहेर ओढला.

"कापड!" साहेब म्हणाले. "म्हणजे मुद्दाम कोंबलंय. तोडफोड आहे. रिपोर्ट लिहा."

भाऊंनी खण पिळला आणि उलगडला. घडीत चार तांदूळ अजून चिकटलेले होते. "तोडफोड न्हाई, साहेब. ही ओटी हाय."

"कोणाची?"

भागीनं माझं मनगट धरलं. मी म्हटलं, "माझी."

साहेब माझ्याकडं वळले. सासू मधे आली. "सून माझी आहे. न्यायची तर दोघींना न्या. पण आधी चप्पल घालू द्या, चालणं लांब आहे."

"अहो आजी, पाइपाची ओटी भरतात का कुठं?"

"विहिरीची भरतात. तुम्ही आमच्याकडं विहीर नाय आणलीत, पाइप आणलात. मग कोणाची भरायची?"

साहेबांना हसू येत होतं की राग, कळेना. ते भाऊंना बाजूला घेऊन गेले, पण चिखलात फार लांब जाता आलं नाही, आम्हाला सगळं ऐकू येत होतं. ते म्हणाले, "ते सगळं खरं असेल. पण तू तोडफोड लिही. नाहीतर देखरेख नव्हती असं होईल आणि पहिला तू जाशील. तुझं कायम व्हायचं पत्र माझ्या टेबलावर पडलंय, विसरू नकोस."

भाऊ म्हणाले, "तोडफोड लिवली तर ह्या बायका कोर्टात, आणि ह्या वाडीला पुन्हा कवाच पाणी न्हाई. चोर म्हणून नाव लागलं की अर्ज कोण वाचतंय?"

"तुला त्यांचं काय?"

"टोपण काढलेलं मला ठावं हुतं. रोज बघत हुतो. देखरेख नव्हती हे खरंच हाय, साहेब. ती माझी."

तेवढ्यात हिरी पुढं झाली. "काडी आमची होती. त्याचं एकट्याचं नको लिवू."

भाऊंनी जीपच्या बॉनेटवर कागद ठेवला आणि लिहिलं. मग आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवलं, कारण त्यात आमचं नाव होतं. ओटीचा खण व्हॉलमधे अडकला. टोपण बायकांनी काढलं होतं, कारण वाडीला पाणी नाही. लाइन तपासणाऱ्याला हे माहीत होतं आणि त्यानं कळवलं नाही. वाडीला नळ दिल्याशिवाय हा व्हॉल नीट राहणार नाही.

साहेबांनी दोनदा वाचलं. "शेवटचं वाक्य उद्धट आहे."

"खोटं हाय का?"

साहेब इकडंतिकडं बघत होते. हिरीच्या डोक्यावरचा हंडा त्यांना दिसला असावा. एवढा वेळ तो तिनं खाली ठेवलाच नव्हता, आणि समोर खाचरात हंडेच्या हंडे पाणी वाया चाललं होतं. ते म्हणाले, "खोटं नाही," आणि खाली सही केली. जाताना हिरीला म्हणाले, "भरून घ्या ते." तीन अर्जांना उत्तर आलं नव्हतं, ह्या कागदाला आलं. अंबरनाथचे कारखाने एक दिवस थांबले होते ना, म्हणून तो वरपर्यंत वाचला गेला.

पावसाळ्याच्या तोंडावर नळ मंजूर झाला. एक नळ, साऱ्या वाडीला. तोटी आणायला भाऊ उल्हासनगरला कॅम्पात गेले, मी आणि भागी बरोबर, कारण आम्हाला तिथं गवत विकायचं होतं. दुकानदार सिंधी, म्हातारा, फाळणीत घर सोडून आलेला. त्यानं विचारलं, "किधर लगाना है?" भाऊंनी सांगितलं. तो म्हणाला, "हम लोग इधर आये तो बैरक में सौ घर को एक नलका था. पीतल का ले जाओ, लोहे का मत लो. वायसर चार मेरी तरफ से." चारही वायसर, म्हणजे तोटी गळू नये म्हणून आत बसवायच्या चकत्या, आम्ही लुगड्याच्या गाठीत बांधून आणले.

मग भांडण झालं. नळ कुठं बसवायचा? वाडी उतारावर. खाली रस्त्यालगत मोठ्या घरांची वस्ती, ते म्हणाले इथं बसवा, खड्डा कमी खणावा लागेल. माझी सासूही म्हणाली, "आपल्या दारात बरा." भाऊ सरळ चढून वर गेले, जिथं हिरीचं झोपडं होतं, वाडीच्या टोकाला, आणि तिथं सळई रोवली.

"ठाकरांच्या दारात?" खालनं कोणीतरी म्हणालं.

"हितं पाणी चढलं तर खालच्यांना हायेच," भाऊ म्हणाले. "खाली बसवलं तर हितं कधीच चढणार न्हाई. उद्या घरोघर नळ येतील, तवा ही वरची लाइन तयार असंल."

भांडण दोन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी सासूनं कुदळ उचलली आणि वरनं खणायला सुरुवात केली. ती म्हणाली, "रांगेत कुठं उभं राहायचं ते ह्याला मी विचारलं होतं. आता दाखवतोय तर कुरकुर कशाला?" मग कोण बोलणार? पाणी आलं तेव्हा भाऊंनी हिरीकडनं तांब्या मागितला आणि सगळा प्याले. मग आणखी एक.

त्यांचं कायम व्हायचं पत्र काही आलं नाही. बदली आली, विदर्भाच्या बाजूला, नव्या धरणावर. सांगायला आले तेव्हा मी म्हटलं, "भाऊ, आमच्यामुळं झालं." ते म्हणाले, "धरणावर चाललोय, वहिनी, तुरुंगात न्हाई. तिथं बी वाड्या असतील." खण त्यांनी धुवून, घडी करून आणला होता. फाटला होता, टोपड्यापुरता उरला होता. पुढच्या वर्षी मला मुलगी झाली, तिचं टोपडं त्याचंच शिवलं.

जायच्या आधी चार दिवस त्यांनी मला वायसर बदलायला शिकवलं. पान्हा कसा धरायचा, तोटी किती आवळायची. बायकांच्या हातात पान्हा बघून लोक हसले. भाऊ म्हणाले, "पाणी भरायचं काम बायकांचं, मग नळ गळला की पुरुषाची वाट कशाला बघायची?" तीस वर्षं तो नळ मी सांभाळला. वाडी पंचायतीच्या पाण्यात गेली, मग नगरपालिकेच्या. घरोघर नळ आले. ती वरची लाइन खरंच तयार होती. माझी मुलगी पाणी भरायला शाळा सोडून घरी बसली नाही. ती नर्स झाली, उल्हासनगरला. धाकट्या मुलाची बायको, माझी सून, बदलापूर गावात शिकवते. आमच्या ह्यांनी कारखान्यातनं पेन्शन घेतलं. भाऊ सांगायचे ती चूल पेटली, मी बघितलं.

भाऊ पुन्हा आले नाहीत. दोन-तीन वर्षांनी एखादं कार्ड यायचं. तब्येत, पाऊसपाणी काही नाही, एकच ओळ, "वरच्या नळाला पाणी येतं का?" मी माझ्या अक्षरात लिहायचे, "येतं." मग कार्डं थांबली. भाऊ गेले, हे मी समजले. सासूला तसं सांगितलं त्या दिवशी तिनं चूल उशिरा पेटवली, एवढंच.

आता आमच्या वाडीच्या खाली आणि शेजारच्या खरवईकडं बिल्डिंगी झाल्यात. चांगल्या आहेत. लांबनं माणसं येऊन राहतात, पोरं शिकतात, मला बरं वाटतं. पण दोन उन्हाळे झाले, वाडीच्या टोकाला, हिरीच्या नातवाच्या घरी, पाणी चढत नाही. सकाळी पाणी आलं की खालचे बिल्डिंगीवाले नळालाच मोटर लावतात आणि लाइनीतलं पाणी ओढून घेतात. हिरीची नातसून हंडा घेऊन खाली उतरते. परवा तिला चढावर बघितलं. दिवस गेलेत तिला.

हे वाचणारे तुम्ही त्या बिल्डिंगीत राहत असाल तर माझं एवढं ऐका. नळाच्या लाइनीला मोटर लावू नका. बिल्डिंगीच्या खालच्या टाकीत पाणी आपोआप पडू द्या आणि मग टाकीतनं वर चढवा. अर्धा तास उशीर होईल, पण वरच्या घरी पाणी येईल.